निम्मा डबा

आमच्या घरमालकांना काहीही सांगितलं की ते आधी विचारायचे, "कशावरून?"

महाडला राहायला गेले त्या दिवशी सामानाचा टेम्पो दारात उभा होता आणि मी मोठ्या रुबाबात म्हटलं, "काका, मी एमआयडीसीत केमिस्ट आहे." काका म्हणाले, "कशावरून?" मला वाटलं ओळखपत्र मागताहेत. मी पर्स उपसायला लागले तेव्हा म्हणाले, "कार्ड राहू द्या हो. हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल का होतो, ते सांगा." मी सांगितलं. मग ते स्वतः माझी गादी खांद्यावर घेऊन जिना चढले. त्या दिवसापासून मी त्यांची 'केमिस्टबाई' झाले. अडीच वर्षांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही.

काका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, काकू गेलेल्या, मुलगा ठाण्याला. खाली ते एकटे आणि वर मी. शाळेने त्यांना निवृत्त केलं होतं, पण त्यांनी शाळेची प्रयोगशाळा काही सोडलेली नव्हती. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असायची. 'साखर' आणि खाली बारीक अक्षरात 'चाखून खात्री केली'. 'मीठ. चाखून खात्री केली.' मी हसले तेव्हा म्हणाले, "हसा. एकदा धुण्याच्या सोड्याचा चहा पिऊन बघा, मग सांगा."

एकदा वरंध गावचा एक माणूस दारावर मध विकायला आला. नवखा होता बिचारा, काकांना ओळखत नव्हता. काकांनी त्याला ओटीवर बसवलं, चहा दिला आणि मध तपासायला घेतला. कागदावर थेंब, पाण्यात थेंब, कापसाला लावून काडी. तासभर झाला. त्या माणसाने शेवटी बाटली तिथेच ठेवली, "काका, तुम्हीच घ्या फुकट," म्हणाला आणि सटकला. काका पायात चपला न घालता त्याच्यामागे बाजारपेठेपर्यंत पळाले. एका हातात पैसे आणि दुसऱ्या हातात कागद. कागदावर लिहिलं होतं, 'मध शुद्ध आहे.' तो माणूस म्हणे तो कागद पुढे कित्येक दिवस गिऱ्हाइकांना दाखवत होता.

आणि त्यांचं ते "मी बघितलंय." हा त्यांचा शिक्का होता. गल्लीत कुणाची गाडी कुणाच्या पायरीला घासली, कुणाच्या नळाचं पाणी कुणाच्या अंगणात आलं, भांडण कितीही तापलेलं असो, कुणीतरी म्हणायचंच, "काकांनी बघितलंय का ते विचारा." काका बाहेर यायचे. बघितलं नसेल तर स्पष्ट "नाय बघितलं" म्हणायचे आणि आत जायचे. बघितलं असेल तर "मी बघितलंय" म्हणून जे काय असेल ते सांगायचे, आणि भांडण तिथंच संपायचं. समोरचा वकीलसुद्धा त्यांच्यापुढे वाद घालत नसे. मला याचं फार कौतुक वाटायचं. आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये इतक्या मशिनी आहेत, पण कुठल्याही मशिनीच्या शब्दाला एवढी किंमत नव्हती.

त्यांची एकच खोड मला छळायची. त्यांना झाकण बघवत नसे. काही विचारायला वर आले की बोलता बोलता माझ्या भातावरचं झाकण उचलायचे, आमटीवरचं उचलायचे, दह्यावरचं उचलायचे. माझं दही अडीच वर्षांत कधी धड लागलं नाही.

अशा घरात माझ्या मावसबहिणीचा स्लो कुकर आला. ती परदेशी निघाली आणि पुण्यातला संसार वाटून टाकताना तो माझ्या पदरात पडला. आत चिनी मातीचं जाड भांडं, बाहेर विजेची शेगडी, वर काचेचं झाकण. आठ तास मंद आचेवर काहीबाही शिजत ठेवायचं यंत्र. काका त्याच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "कुकर म्हणता आणि शिट्टी नाही. मग झालं हे कळणार कशावरून?"

मी म्हटलं, आपण यात चॉकलेट-शेंगदाण्याच्या वड्या करू. कृती अगदी सोपी होती. तळाशी भाजलेले खारे दाणे, वर चॉकलेटच्या लाद्यांचे तुकडे, झाकण, मंद आच आणि दोन तास. ढवळायचं नाही. मुख्य म्हणजे उघडायचं नाही. मग एकदाच कालवून कागदावर चमच्याचमच्याने गोळे घालायचे, ते गार झाले की कडक होतात.

"दोन तास उघडायचं नाही?" काकांनी असं विचारलं, जसं काही मी त्यांना श्वास घेऊ नका म्हटलं होतं.

पहिली अडचण वायरची. कुकरची वायर वीतभर, आणि काकांच्या घरातले सगळे प्लग माझ्या खांद्याच्या उंचीवर. महाडच्या बऱ्याच घरांत असंच आहे, सावित्री नदीचं पाणी घरात येऊन गेलं की माणूस प्लग वर नेतो. त्यामुळे कुकर फडताळाच्या डोक्यावर चढवावा लागला. मला वाटलं, बरं झालं, काकांचा हात पोचणार नाही. मी कंपनीतून एक फोन आला म्हणून वर गेले आणि परत आले तर काका स्टुलावर उभे. त्यांनी पाच वेळा झाकण उचललं होतं. झाकणाच्या आतलं पाणी थेंब थेंब चॉकलेटमध्ये गळलं होतं, आणि चॉकलेटला पाण्याचा थेंब लागला की ते बिघडतंच. खाली उतरवलं तेव्हा आत जाडसर, खडबडीत पिठल्यासारखं काहीतरी झालेलं.

"वाफ धरते, हे मला बघायलाच हवं होतं," काका म्हणाले. तरी आम्ही ते चमच्याने खाल्लं. वाईट नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पक्का बंदोबस्त केला. या वेळी भांडं अगदी काठोकाठ भरलं. झाकणाखाली पंचा ताणून बसवला, वरून सुतळीने बांधलं आणि काकांसमोर खुर्ची टाकून बसले. दोन तास काका तळमळत होते. तीनदा घड्याळ बघितलं, एकदा कानामागे हात धरून ऐकलं. मी त्यांना शाळेच्या गोष्टी विचारत राहिले. ते म्हणाले, दर वर्षी ते मुलांना एक प्रयोग दाखवायचे. काचेची बरणी गोट्यांनी गच्च भरायची, भरली का विचारायचं, मुलं भरली म्हणायची, मग त्यात वाळू ओतायची. वाळू मावायची. "पोरांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. भरलेल्यात जागा असते, हे कुणाला पटतच नाय आधी."

दोन तास झाले. मी भांडं खाली उतरवलं, सुतळी सोडली. काकांनी झाकण उचललं आणि माझ्याकडे बघितलं.

"निम्मं कुठं गेलं?"

खरंच. काठोकाठ भरलेलं भांडं निम्म्याच्या जरा वर येऊन थांबलं होतं. तपकिरी, गुळगुळीत, चमकणारं.

"तुम्ही खाल्लंत?" काकांनी विचारलं.

मला हसू आलं. "काका, मी तुमच्यासमोर बसलेय. सुतळी बांधलेली होती."

"पण मी बघितलंय. गच्च भरलेलं होतं."

"वितळलं काका. तुकड्यांच्या मधली पोकळी गेली आणि दाण्यांच्या मधल्या पोकळीत चॉकलेट उतरलं. तुमच्या बरणीतली वाळू ती हीच."

मी हे बोलताना कालवत होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला लगेच दिसला नाही. वर बघितलं तेव्हा काका भिंतीला टेकून उभे होते आणि झाकण अजून त्यांच्या हातातच होतं. मी खुर्ची दिली. पाणी दिलं. त्यांनी पाणी घेतलं, वड्यांकडे बघितलंही नाही, आणि म्हणाले, "तुम्ही वर जा आता." त्यांनी मला असं कधी घालवलं नव्हतं. मला रागच आला थोडा. ताटभर वड्या मी एकटीने कागदावर घातल्या, तिथेच ठेवल्या आणि वर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून आले तर काका ओटीवर माझी वाट बघत होते. समोर कालच्या वड्यांचं ताट, एकही उचललेली नाही.

"बसा. तुम्हाला एक सांगायचंय," ते म्हणाले, आणि सांगायला लागले.

काका मूळचे कुडपणचे, पोलादपूरच्या वर डोंगरातले. वडील मुंबईला गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात. तिथे मोडके तुकडे कामगारांना मिळायचे. तेवढ्याने भागायचं नाही म्हणून वडील त्यात भाजलेले दाणे मिसळून पत्र्याचा डबा गच्च भरायचे आणि मे महिन्यात कुणाबरोबर तरी एसटीने पोलादपूरला पाठवायचे. मुंबईचा खाऊ आला की वाडीतल्या प्रत्येक घरी वाटायचा, ही तिथली रीत. वाटला नाही तर बाप मुंबईत नीट कमावत नाही असं लोक समजायचे.

त्या वर्षी डबा उतरवून घ्यायला चुलत्याबरोबर काका आणि त्यांची बहीण, आक्का, गेले होते. काका आठ वर्षांचे, आक्का अकरा वर्षांची. काकांनी स्टँडवरच झाकण उचकटून बघितलं. गच्च भरलेला. मग आक्का डबा डोक्यावर घेऊन गावातल्या बायकांबरोबर चढ चढून गेली. तेव्हा वर रस्ता नव्हता. काका चुलत्याबरोबर बाजारासाठी मागे थांबले आणि दिवस मावळताना घरी पोचले. वाटायला म्हणून सगळ्यांसमोर डबा उघडला, तर निम्मा. आणि सगळा एकच गोळा.

"वितळलाय, असं कुणी म्हटलं नाही?" मी विचारलं.

"म्हटलं ना. आई म्हणाली, तूप वितळतं, ते काय कमी होतं?"

मग आईने विचारलं, निघताना किती होता? आणि आठ वर्षांच्या काकांनी अख्ख्या वाडीसमोर सांगितलं, "मी बघितलंय. गच्च भरलेला होता." आक्काने मार खाल्ला. गोळा फोडून वाटला, तरी शेवटच्या तीन घरांना काही पोचलं नाही.

"मी खोटं नव्हतो बोललो हो," काका म्हणाले. "तेच तर. खोटं बोललो असतो तर केव्हाच कबूल केलं असतं."

मी म्हटलं, लहान होतात काका, मुलांच्या गोष्टी त्या. ते म्हणाले, पुरतं ऐका. महाडला त्यांची आत्या होती. एका मुलाला शाळेसाठी ठेवून घेते म्हणाली होती आणि जायचं ठरलं होतं आक्काचं, कारण ती चौथीत पहिली आली होती. त्या डब्यानंतर आई म्हणाली, असली हावरी पोर दुसऱ्याच्या घरी पाठवून मला नाव घालवायचं नाही. जूनमध्ये आक्काच्या जागी काका महाडला आले. हायस्कूल, मग त्याच शाळेत नोकरी. आक्का कुडपणलाच राहिली, गावातच लग्न झालं. तेव्हापासून ती गोड खात नाही. काका नेतात तो खाऊ ती नातवंडांना वाटते आणि हात धुते.

"तीस वर्षं," काका म्हणाले, "तीस वर्षं मी त्या गोट्या आणि वाळू दाखवत होतो पोरांना."

मी विचारलं, "मग आता आक्कांना सांगणार?"

"सांगून काय होतं? कशावरून म्हणेल. दाखवायला पायजे."

त्या शनिवारी आम्ही दोघं निघालो. पोलादपूरला जीप धरली, मांडीवर कुकर, पिशवीत दाणे आणि चॉकलेट. आता वरपर्यंत डांबरी आहे. एका वळणावर काका म्हणाले, "इथनं चालत गेली ती. डोक्यावर घेऊन."

आक्का अंगणात नाचणी वाळवत होत्या. काळ्यासावळ्या, बारीक, डोळे काकांसारखेच भिरभिरणारे.

"ही कोण रे?" त्यांनी विचारलं.

"माझी भाडेकरू. केमिस्ट हाय."

"म्हंजे गोळ्या-औषधं इकते?"

"नाय गो, कंपनीत हाय." काकांची भाषा जीपमधून उतरल्या उतरल्या बदलली होती.

चहा झाला. मग काकांनी पडवीत, प्लगच्या शेजारी कुकर मांडला. तळाशी दाणे ओतले, वर चॉकलेटचे तुकडे, एकेक करून, काठापर्यंत. "आक्का, हितं ये. बघ. किती भरलंय?"

"गच्च."

"नीट बघ."

"बघितलं रे बाबा. गच्च हाय. आता काय जादू करतोस काय?"

काकांनी पंचा लावला, झाकण ठेवलं, सुतळीचं दुसरं टोक आक्कांच्याच हातात दिलं आणि गाठ त्यांना मारायला लावली. "दोन तास कुणी हात लावायचा नाय," म्हणाले, आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असेल. आक्का गुडघ्यांचं सांगत होत्या, म्हशीचं सांगत होत्या, मुंबईच्या सुनेचं सांगत होत्या. मध्येच वीज गेली. पाच मिनिटांनी आली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, आणि मी काही देवभोळी नाही.

दोन तासांनी गाठ आक्कांनीच सोडली. झाकण काढून आत वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं.

"हात तर कुणी नाय लावला," त्या हळूच म्हणाल्या.

"नाय लावला," काका म्हणाले. "आक्का, मे महिना होता. पत्र्याचा डबा, वर ऊन. तू नव्हतं खाल्लं."

कुठला डबा, हे सांगावं लागलं नाही. आक्का खाली बसल्या. मला वाटलं आता रागावतील, काकांना बोलतील. मीही थोडी तयारीत होते.

"दोन खाल्ले होते मी," आक्का म्हणाल्या.

काकांनी झटकन वर बघितलं.

"चढावर. एक खाल्ला, मग आनखी एक. म्हणून आईनं मारलं तवा गप बसले. खाल्लं तर व्हतंच ना. पण मला दोनच आठवायचे. डबा तर निम्मा दिसत होता. मग मला वाटाय लागलं, भूक लागलेली, ध्यान नाय राहिलं, मीच खाल्लं असनार सगळं. दोन आठवतात नि बाकीचं नाय आठवत." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "इतकी वरसं मी मलाच चोर समजले रे, बाबू."

मला रडू फुटलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही मी. काका मात्र रडले नाहीत, ते नुसते जमिनीकडे बघत होते.

आक्का पुन्हा भांड्यात डोकावल्या. चमचा घेऊन आत दाबून बघितलं, तळ लागतो का ते बघितलं. "नुसते दाणे ठेवले असते, तर नसते ना कमी झाले?"

"नाय," काका म्हणाले.

"नि नुसतं चॉकलेट?"

"कमी झालं असतं. पण एवढं नाय."

"म्हंजे ते दाण्यांच्या मधी गेलं," आक्का म्हणाल्या. "जागा होती मधी."

मी कंपनीत मुलाखती घेते. रसायनशास्त्रात पदवी घेतलेली मुलं येतात, त्यांना एखादा प्रयोग दाखवला तर पुढचा प्रश्न सुचत नाही. चौथी पास झालेल्या या बाईने एका दमात दोन प्रश्न विचारले आणि उत्तर स्वतःच काढलं. मी काकांकडे बघितलं. त्यांच्याही ते लक्षात आलं होतं. माझ्याही आधी आलं असणार.

"आक्का," ते म्हणाले, "महाडला त्या वेळी तू..."

आक्कांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, नाचणी ओलांडून अंगणाच्या टोकाला गेल्या. पलीकडच्या घरापुढे त्यांच्याच वयाच्या एक म्हाताऱ्या बाई सूप घेऊन बसल्या होत्या. आक्का इतक्या मोठ्याने ओरडल्या की कोंबड्या पळाल्या.

"अगो ए! मी नव्हतं गो खाल्लं! उन्हानं बसलं ते खाली! ये, येऊन बघ!"

त्या बाईंनी सूप खाली ठेवलं. काठी शोधली, पायात चप्पल घातली आणि बांधावरून आमच्याकडे यायला निघाल्या. कधी, काय, कशाचं, असं त्यांनी काहीच विचारलं नाही.